काकवीची टाकी खाली आहे

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले, आणि येताना बरोबर मराठी घेऊन आले. तिच्यात पुढे पिढ्यान्पिढ्या कानडी मिसळत गेलं, इतकं की कुठली भाषा कुठे संपते हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. तरी ऑफिसात विषय निघाला की मी ठासून सांगते, माझी मातृभाषा मराठी.

मी टाक्यांमधली पातळी मोजणारी यंत्रं बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. टाकीच्या झाकणावर बसवलेलं यंत्र आत रडारच्या लहरी सोडतं, त्या द्रवावर आपटून परत येतात आणि टाकी किती भरली ते कळतं. अलीकडे या यंत्रांत सिमकार्ड असतं. त्यामुळे म्हैसूरला नजरबादेतल्या ऑफिसात बसल्याबसल्या सॉफ्टवेअरमधून त्यांची सेटिंगं बदलता येतात. हे काम मी कुणी बघत असेल तर जरा जास्तच ऐटीत करते.

पिरियापट्टणजवळच्या एका नव्या कारखान्यात काकवीच्या टाकीवर आमचं यंत्र बसलं. तिथले काकवी करणारे मुख्य माणूस खास कोल्हापूरहून आणलेले. त्यांना कानडी येत नव्हतं, म्हणून आमच्या म्याडमनी काम माझ्याकडे दिलं आणि स्वतः माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी छाती फुगवून फोन लावला, त्यांना अण्णा म्हटलं आणि मराठीत सुरुवात केली. त्यांनी तेवढ्याच आदराने मला ताई म्हटलं.

पडद्यावर टाकी जवळजवळ अर्धी भरलेली दिसत होती. कारखाना तर अजून नीट चालूही झाला नव्हता, म्हणून मला शंका आली. टाकीच्या आत एक लोखंडी शिडी होती. लहरी तिच्यावर आपटून परत येत असणार, आणि यंत्र शिडीलाच काकवी समजत असणार. अशा वेळी टाकी मोकळी असताना यंत्राला सांगायचं असतं की हे जे दिसतंय ते खोटं आहे, याकडे लक्ष देऊ नको.

मी विचारलं, "अण्णा, टाकी खाली आहे ना?"

"व्हय ताई, खालीच हाय की."

मी म्याडमकडे वळून कानडीत सांगितलं, बघा, टाकी मोकळी आहे आणि यंत्र खोटं बोलतंय. मग झाकणापासून तळापर्यंत जे जे दिसत होतं ते सगळं खोटं ठरवून टाकलं. आकडा शून्यावर आला. म्याडम खूश झाल्या. मी खुर्ची मागे ढकलून एवढा दीर्घ श्वास घेतला, जसा काही गडच जिंकला होता.

दुपारच्या चहाला अण्णांचा फोन आला. टाकी भरून वाहते आहे, अंगणात काकवीचं तळं झालंय आणि पंप थांबायचं नाव घेत नाही, असं ते म्हणाले. पंप यंत्राच्या आकड्यावरच थांबतो; ते शून्य सांगत होतं, मग तो कशाला थांबेल? मी त्यांना आधी हाताने पंप बंद करायला लावला. मग जरा घुश्शातच म्हटलं, "पण तुम्हीच म्हणालात ना, टाकी खाली आहे?"

"खालीच हाय की," ते शांतपणे म्हणाले. "पाण्याची टाकी वर गच्चीवर, काकवीची खाली अंगणात. निम्मी भरलेली व्हती सकाळी."

कानडीत खाली म्हणजे मोकळं. आमच्या घरीही तेच. शिडी निर्दोष होती. टाकीतली खरी काकवी मी खोटी ठरवली होती, तीही मातृभाषेत.

मी बाबांना फोन केला आणि विचारलं, टाकीत काहीच नाही हे मराठीत कसं म्हणायचं?

"खाली म्हणायचं," बाबा म्हणाले. "इन्नेन?"

म्हणजे आणखी काय. विषय संपला.

म्याडमना समजावणं त्याहून अवघड गेलं. कानडीत हा घोटाळा सांगायला गेलं की घोटाळाच उरत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तो माणूस खाली म्हणाला, टाकी खाली नव्हती, म्हणजे चूक त्याची, तसं त्याच्या मालकाला कळवून टाकू. शेवटी मी म्हणाले, अण्णांचं मराठी बरोबर आहे, माझं चुकलं. म्याडमनी विचारलं, मग तुझी मातृभाषा नक्की कुठली?

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन काढल्यावर मी पुन्हा फोन केला. या वेळी विचारलं, "अण्णा, टाकीत काकवी आहे की नाही?"

"न्हाई. एकदम रिकामी हाय, ताई." रिकामी हा शब्द त्यांनी मुद्दाम सावकाश उच्चारला. तो त्यांनी मला शिकवायला म्हटला की सहज, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी जुनं सेटिंग पुसलं, नवं भरलं आणि टाकी भरताना दर थोड्या वेळाने त्यांना झाकण उघडून बघायला लावलं. आकडे जुळत गेले.

पुढच्या महिन्यात कारखान्यात जाणं झालं. अण्णांनी सगळा कारखाना फिरवून दाखवला, ताजी काकवी चाखायला दिली. टाकीशी मुंग्यांची रांग लागली होती. मी कमरेवर हात ठेवून, तपासणीला आल्यासारखी वर यंत्राकडे बघत उभी राहिले. निघायला पाऊल उचललं, तर चप्पल जमिनीला चिकटून तिथेच राहिली.