तीन, एक आणि तिच्या शेजारची जागा

मुलीच्या शेजारी पुरून घ्यायचं असेल, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एकच कसे, हे मला आधी समजून घ्यावं लागणार होतं. वाचून कोणी हसेल. मलाही तेव्हा हसू यायला हवं होतं, पण त्या वर्षी मला काहीच येत नव्हतं. हसू नाही, रडू नाही, धड भूकसुद्धा नाही.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मी रामाकोन्याच्या सरकारी शाळेत शिकवायची आणि राहायला सौसरला होते. माहेर पांढुर्ण्याचं, बौद्ध घर. नवरा सौसरचा, ख्रिस्ती, तिथल्याच एका दवाखान्यात कंपाउंडर. आम्ही आपल्या मनानं लग्न केलं आणि दोन्ही घरांनी तोंडं वाकडी करत का होईना, ते मान्य केलं. बाबा एवढंच म्हणाले होते, "पोरगं चांगलं आहे. पण तू आपल्या तीन शरणांवर राह्यजो, चौथ्याच्या मागं जाऊ नको." नवऱ्यानं मला बाप्तिस्मा घे असं कधी म्हटलं नाही. मुलगी झाली तेव्हा तिचा व्हावा असं सासूबाईंना वाटलं. मी म्हटलं, होऊ द्या, डोक्यावर पाणीच तर घालायचं आहे. पाणी पडलं तशी पोरगी खिदळली आणि तिनं पास्टरसाहेबांचा चष्मा ओढला.

तिला तिसरं वर्ष पूर्ण व्हायचं होतं, तेव्हा ती तापानं गेली. नागपूरला नेत होतो, रस्त्यातच संपलं. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

लहान लेकराला आमच्यातही जाळत नाहीत, पुरतातच. त्यामुळे चर्चच्या मागच्या कबरस्तानात तिला ठेवलं तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. खड्डा ओळखीचा, माती ओळखीची. बाबा पांढुर्ण्याहून बसनं आले, हात जोडून उभे राहिले आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले. घोडं अडलं ते नंतर. एका दुपारी तांदूळ निवडत बसले होते आणि एकदम डोक्यात आलं, की मोठ्या माणसाला आमच्यात जाळतात. मी मेले की मला जाळणार. ती तिथं एकटी राहणार.

आमची पोरगी माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नसे. मी कूस बदलली तर झोपेतच चाचपडत यायची, कान सापडला की गप. आता तिला कान कोण देणार? आहे की नाही वेडगळपणा! शिकली-सवरलेली बाई मी, बौद्धाच्या घरची. पण तो विचार हलता हलेना. बाकीचं सगळं अंग बधिर आणि तेवढंच एक ठसठसणारं.

तिच्या एका बाजूला कुंपणाची भिंत होती. दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती, ती चर्चच्या मंडळीनं आमच्या घरासाठी राखली होती. पण बाप्तिस्मा झालेल्या माणसालाच तिथं पुरायचं, असा मंडळीचा नियम. नवरा म्हणाला, "तू घे ती जागा. मी कुठंही पडीन."

"अन् त्यांनी विचारलं, मानतेस का, तर?"

"म्हण ना, मानते म्हणून. आम्ही तरी कुठं समजून म्हणून राहिलो?"

मला ते पटेना. वर्गात पोरांनी न समजता पाढे घोकले तर मी त्यांना उभं करते, आणि स्वतः मात्र पोपटासारखं बोलून मोकळं व्हायचं? आणि तेही पोरीच्या नावानं? मी म्हटलं, समजलं तर म्हणीन, नाही तर नाही.

मग रविवारी दुपारी मी चर्चच्या ओसरीवर पास्टरसाहेबांकडे शिकायला जाऊ लागले. माणूस भला, हिंदी मुलखातला, कधी आवाज चढवायचा नाही. त्यांनी आधी पाण्याचं उदाहरण दिलं. पाणी, बर्फ आणि वाफ, तीन रूपं, वस्तू एकच. मी म्हटलं, "साहेब, पाण्याची वाफ झाली की पाणी उरत नाही. मग मुलगा क्रुसावर मरत होता तेव्हा बाप कुठं होता? का तोच मेला?" ते म्हणाले, नाही, बाप वेगळा आणि मुलगा वेगळा. म्हणजे पाण्याचं उदाहरण गेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी समोरच्या बागेकडे बोट केलं. संत्र्याचं झाड बघा, म्हणाले. मूळ म्हणजे पिता, खोड म्हणजे पुत्र, फळ म्हणजे आत्मा. तीन आहेत, पण झाड एक. आता आमच्या भागात कोणाला हे सांगून चालेल का? मला काही गप बसवेना. मी म्हटलं, "साहेब, इथल्या संत्र्याचं मूळ संत्र्याचं नसते. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. वरचं छाटलं तर खालून आंबटढाण जंभेरी फुटते. तुमचा बाप जंभेरी आणि मुलगा संत्रा झाला ना मग!"

पास्टरसाहेब एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बहनजी, इतने साल से संतरे खा रहा हूँ, किसी ने बताया ही नहीं!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. एरवी मीही पोट धरून हसले असते.

मग मी आपलं डोकं चालवलं. आमच्याकडेही तीनच की. बुद्ध, धम्म, संघ. लहानपणापासून रोज म्हटलेले. हे तेच असणार, नावं तेवढी वेगळी. ईस्टरच्या आधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांसमोर मला बसवलं आणि कोणावर विश्वास ठेवतेस असं विचारलं, तेव्हा मी हात जोडले, डोळे मिटले आणि वंदनेच्या चालीवर म्हटलं, पित्याला शरण जाते, पुत्राला शरण जाते, पवित्र आत्म्याला शरण जाते. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण वंदना तीनदा म्हणायची सवय! दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. डोळे उघडले तर सासूबाईंनी कपाळाला हात लावलेला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, हे तर तीन देव झाले." पास्टरसाहेब हळूच म्हणाले, ईस्टर के बाद फिर देखेंगे.

पांढुर्ण्याला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपले तिघं येगयेगळेच आहेत, माय. बुद्ध माणूस, धम्म रस्ता, अन् संघ म्हंजे आपण सारे. ते एकच आहेत असं कोणी म्हणत नाही. त्यायचं त्यायले राहू दे, आपलं आपल्याले." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुले पोरीजवळ झोपाचं आहे, एवढंच ना?"

मी मान हलवली.

"मंग कर, काय कराचं ते," म्हणाले आणि उठून बाहेर गेले. माझ्या बाबांना ते बोलणं किती जड गेलं असेल, हे मला कळत होतं. कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात. नवरा भल्या सकाळी बादली आणि कुंचा घेऊन गेला, मी थोड्या वेळानं चहा घेऊन गेले. त्यांना कानदुखीचा त्रास, थंडी संपली तरी सकाळी मफलर लागायचा. पोरीच्या कबरीला चुना लावून झाला होता आणि ते शेजारच्या मोकळ्या जागेत, मातीतच बसले होते. मफलर सोडून मांडीवर ठेवलेला. आणि चुन्यानं भरलेल्या बोटांनी ते आपल्याच कानाची पाळी चोळत होते. पाळी पांढरी झाली होती, त्यांना पत्ता नव्हता.

मी विचारलं, "कान दुखून राहिला का?"

"नाही," ते म्हणाले. "तू ट्रेनिंगले गेली होती ना, तवा माहा धरे. मफलर ओढून फेके, अन् मग धरे. तुले वाईट वाटीन म्हणून बोललो नाही."

मी चहा हातात घेऊन तशीच उभी राहिले. हा बाप होता. ती गेली होती तरी हा बापच होता, आणि तो बाप होता तिच्यामुळे. ती नसती झाली तर हा नुसता कंपाउंडर. ती मुलगी होती, तीही याच्यामुळे. आणि दोघांच्या मधे ते जे काही होतं, कानाला धरून बसलेलं, ते बाप नव्हतं आणि पोरगीही नव्हतं, पण ते मेलेलं नव्हतं. बाप पोरगी नव्हे, पोरगी बाप नव्हे, आणि तरी यातलं एक काढलं की बाकीची दोन उभी राहत नाहीत. मी मनातल्या मनात वेगळं काढून पाहिलं. निघेना.

ईस्टर झाल्यावर मी पास्टरसाहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "पूरा तो कोई नहीं समझता, बहनजी. इतना बहुत है." मग त्यांनी विचारलं, "अब बताइए, विश्वास करती हैं?"

मी खरंच थांबले. आत काही येतं का, म्हणून वाट पाहिली. कबरीपाशी जे पाहिलं ते माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या पोरीचं होतं, त्याची मी शपथ घेतली असती. वर आभाळात तसं कोणी आहे, हे काही येईना. समजलं होतं, पण विश्वास नव्हता. मी म्हटलं, "नाही, साहेब." त्यांनी मला आग्रह केला नाही, याबद्दल मी आजही त्यांना मानते.

घरी नवरा जेवत होता. मी सांगितलं, "ती जागा तुमची."

"अवं, पण तू?"

"मला जाळा. राख जाम नदीत सोडा, पांढुर्ण्याच्या काठावरून, नाही तर पलीकडच्या सावरगावच्या, मला सारखंच." एवढं बोलले आणि पुढचं बोलताना माझा आवाज फुटला. "तुम्ही तिच्याकडे तोंड करून झोपा. आणि तो मफलर तेवढा बांधू देऊ नका कोणाला." मग मी रडले. वर्षभराचं रडले. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि काय झालं हे न विचारता माझ्याजवळ बसून राहिल्या.

नवरा गेला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, थंडीच्या दिवसांत. घरच्या बायकांनी त्यांना कोट घातला, केस विंचरले, आणि नेहमीची सवय म्हणून कानावरून मफलर बांधला. कबरस्तानात पेटी बंद करायच्या आधी मी तो सोडायला घेतला. एक जण म्हणाली, "राहू द्या ना बाई, जन्मभर बांधला त्यांनी."

मी मफलर काढून घेतला आणि त्यांची मान कुंपणाच्या भिंतीकडे वळवली, जिकडे ती होती.