पाहुण्यांकडे वळवलेला आरसा

तुमसर तालुक्यातल्या एका गावात, बंद पडलेल्या मँगनीज खाणीच्या कडेला, शेवटच्या घराची भिंत तडकली होती. जमीन खचते आहे की भिंतच कच्ची, हे ठरवायला आम्ही घरामागच्या वाडीत रडारचा आरसा बसवला. आरसा म्हणजे कोपऱ्यात जोडलेले तीन धातूचे पत्रे. दर बारा दिवसांनी उपग्रह वरून जाई आणि पत्र्यांवरून परतलेल्या लहरींतून जमिनीची मिलिमीटरभर हालचालही कळे. भोवतीच्या धानाच्या बांध्या पाण्याने आणि रोपांनी सारखं रूप बदलत, म्हणून भिस्त या आरशावर. त्याला हलवायचं नाही, एवढीच अट.

तो मीच हलवला.

पाहुण्यांना सवड नसल्याने आरशाचं लोकार्पण काही महिने रखडलं. तोवर आरसा मुकाट्याने काम करत होता. लोकार्पणाआधी काम करू नये, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मंडप उलट्या बाजूला पडला. आमचे साहेब म्हणाले, "हा पाहुण्यांकडे पाठ करून बसलाय. फोटोत काय येणार?" मी पाना घेतला, बोल्ट सैल केले. आरशाला हार पडला. संध्याकाळी पेन्सिलीच्या खुणेवर तो परत फिरवला.

पुढच्या फेरीत आरसा काही मिलिमीटर खाली दिसला. जमीन खचली की माझा बोल्ट सरकला, कळेना. साहेब म्हणाले, "जमीन स्थिर, असं लिहा." तसं लिहिलं तर ती माणसं त्याच भिंतीखाली झोपणार. खचली लिहिलं तर घर रिकामं करणार, कदाचित माझ्या पान्यापायी. खरं लिहिलं तर माझी कंत्राटी नोकरी जाणार.

दोन दिवसांनी त्या घरी गेलो. घरची बाई धान पाखडत होती.

"जमीन खचून राहिली का नाही जी?"

"सांगता येत नाही. आरसा मीच फिरवला होता."

"आमी पायलं ना. मले वाटलं, थो तसाच फिरवाचा असते." सूप खाली ठेवून तिने आत पाहिलं. तडकलेल्या भिंतीला लागून सासऱ्याची खाट होती. "मंग बुढ्याले कुठं निजवू, थे सांगा."

"बाहेर. नवी मोजणी होईपर्यंत."

"हे कागदावर लिहून द्या, साहेब. नाही तं उद्या तुमचेच लोक म्हणतील, काहून बाहेर काढलं?"

मी पाना कुणी फिरवला तेही लिहिलं, खाली सही केली. मग आम्ही दोघांनी खाट उचलली. म्हातारा तीवरच बसून होता.

"मले कायले हलवता?" तो खेकसला. "भित पाडा ना."