लाटसाहेबांच्या तसबिरीतलं बिस्किट

तमाम मराठी जनांस, तसेच सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरील समस्त काँडोवासीयांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एका रविवारी दुपारी आमच्या वाचनकट्ट्याने एका अनोळखी बिस्किटवाल्यास झेंडूचा हार घालून मनोभावे नमस्कार केला. प्रस्तुत लेखक या घटनेचा साक्षीदार असून निम्मा गुन्हेगारही आहे. बाकी निम्म्याचं नाव त्याच्या बायकामुलांकडे बघून गुप्त ठेवलं आहे.

आता बैजवार सांगतो.

मी जहाजावरचा इंजिनिअर. वीस वर्षं समुद्रावर काढल्यावर सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी धरली. गोदीत आलेली जहाजं तपासायची, टाक्यांत उतरायचं, याद्या भरायच्या. रोज घरी जेवायला मिळू लागलं, वजन वाढलं, सगळं चांगलं झालं. गेली एकच गोष्ट, ती म्हणजे श्रोते. जहाजावर दुपारी तीनच्या चहाला मी गोष्ट सुरू केली की तेलकट कपड्यांतली दहा-बारा माणसं हलायची नाहीत. हलून जाणार कुठे? चहूकडे पाणी. किनाऱ्यावर मात्र मी तोंड उघडलं की प्रत्येकाला एमआरटीची मेट्रो गाठायची असते.

त्या गोष्टी मी शिकलो एका फाटक्या पुस्तकावरून. आमच्या एका जुन्या जहाजावर ग्रंथालय नावाचं एक कपाट होतं, त्यात ते सापडलं. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, शेवटची तर मुळीच नाहीत. त्यात भलतेच देव होते. कुठल्याही धर्मातले नव्हते. लिहिणाऱ्याने स्वतः घडवलेले. धुळीचा देव, विसरलेल्या वाटांचा देव, मांजर अंगणात येऊन बसते त्या घटकेचा देव. आमच्या आयरिश कप्तानाने चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, हे आमच्याकडच्या एका लाटसाहेबाचं काम. मग त्याने माहिती पुरवली. गडी किल्ल्यात राहायचा. तरुणपणीच वडील गेले आणि पदवी गळ्यात पडली. शिकार, घोडे, लढाई, सगळं यथासांग केलं. आणि मधल्या वेळात हंसाच्या पिसाची लेखणी स्वतः तासून देवांच्या गोष्टी लिहिल्या. खाडाखोड करायची नाही, एकदा लिहिलं ते लिहिलं. त्याच्या बरोबरीच्या जमीनदारांना ते लिहिणं म्हणजे घराण्याला आलेला सौम्य आजार वाटायचा.

मी त्या क्षणी त्याचा झालो. शेवटच्या गोष्टीचा शेवट फाटलेला होता, म्हणून दर सफरीला तो मी नवा रचून सांगायचो. मी गोष्टी सांगणारा झालो तो त्या फाटक्या पानांमुळे.

तर आमचा वाचनकट्टा. आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये महिन्यातून एकदा भरायचा. अध्यक्ष होत्या नोव्हेना भागातल्या इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई. त्या हसतात असा पुरावा कुणाकडे नव्हता. आदल्या वर्षी मला वीस मिनिटं दिली होती, मी दीड तास घेतला. वडे थंड झाले. त्यानंतर माझ्याकडे खुर्च्या मांडण्याचं खातं आलं. वर्षभर मी खुर्च्या मांडल्या, इतक्या सरळ रेषेत की बघणाऱ्याला दया यावी.

शेवटी बाईंनी एक संधी दिली. चाळीस मिनिटं, विषय माझा. पण टायमर वाजल्यावर एक वाक्य जरी बोललात, किंवा लोक चुळबुळले, तर माइक कायमचा बंद. त्यांनी हे रुग्णाला पथ्य सांगावं तसं सांगितलं. बायको म्हणाली, "खुर्च्या छान मांडता हो तुम्ही. उगाच कशाला त्या कलेवर अन्याय?"

मी लाटसाहेबांचा विषय घेतला.

आता, मराठी माणूस प्रतिमापूजनाशिवाय कुणाही लेखकाबद्दल ऐकून घेत नाही. तसबीर हवी, हार हवा, समई हवी. काँडोत ज्योतीला बंदी, म्हणून समई बॅटरीची. तसबिरीचं काम आमच्या सेक्रेटरीकडे. हा वन-नॉर्थच्या आयटी पार्कात कुठल्याशा सॉफ्टवेअरचा मॅनेजर, स्वभावाने कामसू. त्याने मला मेसेज केला, फोटो कोणाचा काढू? मी तेव्हा एका जहाजाच्या टाकीत होतो. बाहेर येऊन घाईघाईने उत्तर टाकलं: आयरिश लॉर्ड, मोठ्या मिशा. खरं सांगायचं तर लाटसाहेबांचा चेहरा मीही कधी पाहिला नव्हता. मिशा मी अंदाजाने दिल्या.

त्या रविवारी शेजारच्या बेटावरच्या पेटलेल्या जंगलांचा धूर शहरावर उतरला होता. ईस्ट कोस्टला सायकली घेऊन जाणारी मंडळीही खोलीत कोंबलेली, त्यामुळे पन्नास-साठ माणसं. बाईंनी हार घातला. टाळ्या झाल्या. मी तसबिरीला हात जोडले आणि जोडलेलेच राहिले. मिशा भरघोस होत्या, कोट राजेशाही होता, पण खाली डाव्या कोपऱ्यात, झेंडूच्या आडून, अर्धं बिस्किट डोकावत होतं. वरच्या बाजूला कापलेल्या अक्षरांचे पाय दिसत होते. सेक्रेटरीने जाहिरात कापून लॉर्ड काढला होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने समाधानाने मान डोलावली.

बोलावं, तर बिचाऱ्याची फजिती आणि कार्यक्रमाचा तमाशा. गप्प राहावं, तर पहिल्या रांगेतलं कुणीतरी पाहणारच, आणि मग आपला लेखक न ओळखणारा वक्ता म्हणून मी जन्मभर खुर्च्या मांडणार. तेवढ्यात बाईंनी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर पिळून टेबलावर ठेवला. टिकटिक सुरू झाली.

मी किल्ल्यापासून सुरुवात केली. शिकार झाली, लेखणी झाली, देव झाले. लोक ऐकत होते, पण जेवढ्यास तेवढं. पंचवीस मिनिटं गेली असतील. मग मी म्हणालो, लाटसाहेबांना देव घडवायला आयुष्य लागलं, आपलं काम सोपं. आपण वेशीवरच्या दगडाला शेंदूर लावतो, हात जोडतो, आणि तो दगड त्या क्षणापासून गावाची जबाबदारी घेतो. दगडाला आधी कुणी विचारलेलं नसतं. तसंच आज झालंय. हार जरा बाजूला करतो, सगळ्यांनी दर्शन घ्या. हे गृहस्थ बिस्किटं विकतात. चूक माझी, मी मिशांपलीकडे काही कळवलं नव्हतं. पण साठ जणांनी नमस्कार केलाय, आता त्यांना माघार नाही.

खोली अशी हसली की बॅटरीची समई कलंडली. सेक्रेटरी आधी पांढरा पडला, मग तोच सगळ्यात जास्त हसला. बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी टायमरकडे पाहिलं नाही, हे मी टिपलं.

हाच मोका साधून मी ती शेवटची गोष्ट काढली. उंबरठ्याचा एक छोटा देव. त्याला मानणारी एकच म्हातारी उरलेली. एक दिवस तीही लेकाकडे परदेशी शहरात निघून जाते. मानणारं कुणी नसेल तर देव विरून जातो, म्हणून तोही उंबरठा सोडून तिच्यामागे निघतो. शहराच्या वेशीवर पहारेकरी त्याला अडवतो. विचारतो, इथे तुझं काम काय? तुला ओळखतं कोण? राहायचा परवाना दाखव.

आणि खोलीत कुणी हलेना. माझ्या लक्षात आलं, इथल्या निम्म्या लोकांच्या खिशात राहण्याचा पास आहे आणि त्या पासावर मुदत संपण्याची तारीख आहे. आयरिश किल्ल्यात बसून लिहिलेला तो प्रश्न प्रत्येकाला इमिग्रेशनच्या काउंटरवर एकदा तरी विचारला गेलेला होता.

मी आवाज खाली आणला. पहारेकऱ्याने हात पुढे केला. छोट्या देवाने आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं, मूठ उघडली, आणि

टोमॅटो किंचाळला.

मी तोंड मिटलं. पुस्तकही बरोबर इथेच फाटलेलं होतं, हे तिथे फक्त मला ठाऊक. मी बाईंना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या रांगेतल्या माझ्याच मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसलो, हाताची घडी घालून. मागे बायको वड्यांवरची फॉइल काढत होती, ती थांबली. टायमर वाजतच राहिला. बाईंनी तो उचलला, पर्समध्ये कोंबला, चेन लावली. पर्समधूनही तो वाजत होता. मग नोव्हेनातल्या त्या कधी न हसणाऱ्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि साठ माणसांसमोर मला म्हणाल्या,

"अहो, वडे गेले खड्ड्यात! मुठीत काय होतं?"