कव्हराखाली जिवंत किडे

नीलकंठ पांढरीपांडे दूध घेताना आधी दूधवाल्याचा चेहरा पाहत, मग दूध. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात त्यांची चौथी पिढी, पण गल्लीत कोणी हसून नमस्कार केला तरी याला आज काय हवं असेल, हा विचार त्यांच्या मनात आधी येई. बायको ममता म्हणे, "तुम्ही स्वतःच्या सावलीलेही पावती मागाल."

रायपूरबाहेरच्या एका खाजगी गोदामात ते तीस वर्षं तांदळाच्या थप्प्यांना गॅस देत आले. थप्पीवर कव्हर टाकायचं, आत गोळ्या ठेवायच्या, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या दाबायच्या. गोळ्यांचा गॅस होतो, किडे मरतात. या वर्षी ते मरेनात. तीन थप्प्या उघडल्या, तिन्हींत तांबडे किडे पोत्यांवर आरामात फिरत होते.

मॅनेजर म्हणाला, "शनिवार तक नाम दीजिए. जिसकी गड़बड़, उसकी छुट्टी."

नाव नीलकंठरावांकडे तयार होतं. हरिदास. एकोणीस वर्षं हाताखाली काम करणारा. गोळ्या गावात विकत असेल, नाहीतर मुद्दाम पिशव्या सरकवत असेल. फक्त पुरावा हवा होता. म्हणून चौथ्या थप्पीच्या वेळी त्यांनी त्याला सुट्टी दिली.

"मोर बिना कइसे होही, भैया?"

"होईल. तू जा."

गोळ्या स्वतः मोजून ठेवल्या. पिशव्यांच्या कडेनं खडूची रेघ ओढली. नवं कुलूप आणलं, किल्ली जानव्याला बांधली. चार दिवसांनी ट्रक दारात आला तेव्हा रेघ तशीच होती, कुलूपही तसंच. कव्हर उचललं, तर किडे चालत होते.

त्यांनी ते बाटलीत भरले. वरच्या मजल्यावर राहणारी ज्ञानदा कीटकांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नागपूरहून आलेली भाडेकरू. दुसऱ्या दिवशी ते तिच्यासोबत तिथे गेले. तिनं दोन बरण्या मांडल्या: एकीत प्रयोगशाळेत वाढवलेले किडे, दुसरीत त्यांचे. दोन्हींत सारखाच गॅस सोडला. थोड्या वेळात पहिल्या बरणीतले उताणे पडले. दुसरीतले भिंतीवर चढत राहिले.

"बरण्या बदलल्या तर नाही न तू?"

"काका, तुमच्या डोळ्यांसमोरच तर भरल्या!" ती हसली. "पहिल्यांनी गॅस कधी पाहिलाच नाही. तुमचे पाहून बसलेत. कव्हर किती दिवस ठेवता?"

"सात."

ती दुसऱ्या बरणीकडे पाहत राहिली.

"पाच," नीलकंठराव म्हणाले. "ट्रक उभा असला तर चार."

"मग कमजोर तेवढे मेले. ज्यांच्या अंगात सोसायची ताकद होती ते उरले, त्यांचीच पिल्लं झाली. पिल्लांनाही पुन्हा चारच दिवस. किती वर्षं करून राहिले तुम्ही असं?"

कव्हर काढायच्या दिवशी हरिदास दरवेळी म्हणे, "दू दिन अउ रहन दे, भैया." अजून दोन दिवस राहू दे. आणि दरवेळी त्यांना वाटे, याला बसून मजुरी हवी.

शनिवारी मॅनेजरनं कागद पुढे ओढला. "हां, नाम?"

"नीलकंठ पांढरीपांडे."

"आपका नहीं, उसका."

"मेरा ही. कव्हर मैं जल्दी खुलवाता था."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. त्याचे डोळे बारीक झाले. "हरिदास ने धमकाया क्या आपको? सच बताइए."

ते डोळे नीलकंठरावांना ओळखीचे वाटले. त्याच्या जागी त्यांनीही हेच विचारलं असतं, आणि समोरचा काहीही म्हणाला असता तरी पटवून घेतलं नसतं. दाराबाहेर हरिदास उभा होता. आत काय चाललंय ते त्याला ऐकू जात नव्हतं.

नीलकंठरावांनी खुर्ची पुढे सरकवली. "लिखिए," ते म्हणाले, आणि आठवत होती त्या सर्वांत जुन्या, मुदतीआधी उघडलेल्या थप्पीची तारीख सांगायला लागले.