टेबलावरची चौकी

आम्रपाली ओव्हाळ ही हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. लग्न होऊन उदगीरहून चाकणला आली ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा बॅगेच्या तळाशी घालून. गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाइनवर उभी राहिली आणि पुढे लाइन लीडर झाली. शेजारणीची इस्त्री बंद पडली तर हिचा स्क्रू ड्रायव्हर आधी बाहेर यायचा, चौकशी मागाहून.

मुलगा धम्मपाल बारावीला आपटला तो फोनपायी. समोर पुस्तक उघडं आणि अंगठा फोनवर. आता एका गोदामात पार्सलं उचलतो. हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्यामुळे अभ्यासिकावाल्या सोपानरावांनी पोरांच्या फोनचा विषय काढला तेव्हा तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

सोपानरावांची जमीन कारखान्यांत गेली आणि तळेगाव रस्त्याला त्यांची इमारत उभी राहिली. वरच्या मजल्यावर त्यांनी अभ्यासिका काढली होती.

"पोरं फी भरत्यात आन् रील बघत बसत्यात. कायतरी करा की ताई."

"करते," ती म्हणाली, आणि दिवाळीच्या सुट्टीत केलंही. एक लाकडी फळी, तिच्यात फोन ठेवायची खाच, खाचेच्या तळाशी बारीक स्विच, आत बॅटरी, वर लाल दिवा. फोन उचलला की दिवा लागायचा. कल्पना कारखान्यातली. तिथे काम अडलं की बाई दोरी ओढते, डोक्यावर लाल दिवा लागतो आणि सुपरवायझर मदतीला धावतो. दिव्याखाली जागेचा नंबर असतो, बाईचं नाव नसतं. दिवा लागणं म्हणजे हाक मारणं, एवढंच आम्रपालीला ठाऊक होतं.

पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. "मॅडम, टेबलावर चौकीच बसवली की ओ तुम्ही!"

"मग? चोर नाहीस ना? मग घाबरतोस कशाला?"

आठवडाभर अभ्यासिका कशी चिडीचूप. मग कुणीतरी घरातला बंद पडलेला जुना फोन आणून खाचेत ठेवला आणि खरा मांडीवर घेतला. बघता बघता निम्म्या टेबलांवर बंद फोनांची मढी झोपली. आम्रपाली चिडली. तिने जास्त नाजूक स्विच बसवले, ज्याच्या त्याच्या फोनच्या वजनाला जुळवलेले, वजन जरा कमी झालं की दिवा लावणारे. पोरांची जिरली.

सोपानरावांचं पोट मात्र भरेना. "दिवा आपल्याला दिसतो. आईबापाला कुठं दिसतो?"

तेव्हा प्रत्येक फळीत सिमकार्ड गेलं. दिवा लागला की घरी मेसेज जायचा: मुलाचं नाव, आणि पुढे 'फोन उचलला'. नाव कशाला, टेबलाचा नंबर पुरे, असं ती एकदा म्हणाली. सोपानराव हसले. तिनेही नाव घातलं. इथे तिने थांबायला हवं होतं, स्पष्टच सांगायचं तर. पण आपल्या हातची वस्तू वाढायला लागली की भल्याभल्यांना थांबवत नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर पूनम बसायची. गावठाणातल्या घरची पोर. तिला फौजदार व्हायचं होतं. मोठा भाऊ जयदीप याने अट घातली होती: एक जरी तक्रार आली तरी अभ्यास बंद आणि आलेल्या स्थळाला होकार. चहाच्या टपरीवर हे तिनेच हसत हसत आम्रपालीला सांगितलं होतं.

मेसेज सुरू झाले आणि पूनमचं हसू गेलं. एक दिवस ती जिन्यात आडवी आली.

"मॅडम, मी हात पण लावत नाही हो फोनला. घरी मेसेज जातायत."

"सगळे असंच म्हणतात," आम्रपाली म्हणाली आणि खाली उतरली.

त्यानंतर पूनम आलीच नाही.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. आम्रपाली त्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसली. घरी मेसेज जाऊ नये म्हणून पूनमच्या फळीतलं सिम काढलं, खाचेत स्वतःचा फोन ठेवला, दिवा विझेपर्यंत स्विच जुळवला आणि हात मांडीवर घेतले. खाली रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर गतिरोधकावरून गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबल थरथरलं, आणि लाल दिवा लागला. कुणी काही उचललं नव्हतं. पुढच्या ट्रेलरला पुन्हा लागला.

तिने सोपानरावांना गाठलं.

"आता मशीन खोटं म्हणताय?" ते कुजबुजले. "चार क्लासवाले हेच मशीन मागत्यात. हळू बोला."

ती फळी काखेत मारून सरळ पूनमच्या घरी गेली. जयदीप सोफ्यावर होता, आई छबूबाई शेंगा सोलत होत्या.

"तुमच्या बहिणीची चूक नाही. माझं यंत्र चुकलंय. ट्रेलर गेला की दिवा लागतो."

"दाखवा की मग."

टीपॉयवर फळी ठेवली. जयदीपने पूनमचा फोन मागवून खाचेत ठेवला, आम्रपालीने स्विच जुळवून सिम परत घातलं. दिवा विझला तो विझलेलाच. घर आतल्या गल्लीत. इथे ट्रेलर कुठून येणार? शेवटी आम्रपालीने टीपॉयवर बुक्की मारली. दिवा लागला.

"मारल्यावर कुनीबी वरडंल," खिशात मेसेज वाजला तसा जयदीप म्हणाला.

छबूबाई हसल्या. "ताई, तुमी बाई हायसा म्हणून बाईची बाजू घेताय. पर आता पाव्हण्यांला शब्द गेलाय."

"अहो, तिची परीक्षा..."

जयदीपचं लक्षच नव्हतं. त्याने खाचेतला फोन उचलला, आणि त्याच्या खिशात पुन्हा मेसेज वाजला. खाचेत ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा वाजला. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पूनमचे खांदे दर वेळी आखडत होते.

"लई भारी काम हाय राव," तो म्हणाला. "ताई, हे हितंच ऱ्हाऊ द्या. सासरी जाईस्तवर घरात कामाला येतंय."

"वस्तू माझी आहे. मी घेऊन जाणार." आम्रपालीने फळी धरली. त्याचा हात आधीच फळीवर होता. तो ओढत नव्हता, फक्त सोडत नव्हता.

"मॅडम, राहू द्या," पूनम म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला. भावाच्या हातातून फोन घेऊन खाचेत नीट बसवला आणि दिवा विझेपर्यंत वरून बोटाने दाबून धरला. मग चहा तिथेच ठेवून ती आत गेली.