कठड्याला धरून उभे असलेले आबा

भूतखेत, करणी, भानामती... मी यातलं काहीही मानत नाही. आठ वर्षं त्याविरुद्ध पत्रकं लिहून रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाटली आहेत. भर जत्रेत अंगात आलेल्या बाईला "देवी असाल तर माझा रक्तगट सांगा" म्हणाले आणि मार खाता खाता वाचले. तेव्हा "मनाचे खेळ असतात" हे मला ऐकवू नका. ते मीच लोकांना ऐकवत आले आहे.

रत्नागिरीजवळ पावस गावात आमची गणपतीची शाळा आहे. मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आबा, म्हणजे माझे वडील, पन्नास वर्षं तिथं शाडूचे गणपती करत आले. तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घराची वाट. हात इतका कापायचा की डोळे आखायचं काम बंदच झालं. पण मला ते विसरले नव्हते. रोज सकाळी पहिली हाक माझ्या नावाची – "बाय, उठलीस काय गो?" तेवढं शिल्लक होतं.

त्यांना एकच बघायचं होतं. चीनमध्ये जमिनीखाली सापडलेलं मातीचं सैन्य... हजारो शिपाई, एकासारखा दुसरा नाही. त्याचा पेपरातला फोटो शाळेच्या भिंतीवर चिकटवलेला होता. म्हटलं, सगळं पुसलं जायच्या आत दाखवून आणू. गेल्या उन्हाळ्यात एका टूरबरोबर गेलो.

शीआन शहरातून एका दिवसाची सहल होती. सकाळी शहराची जुनी तटबंदी, मग ते सैन्य, शेवटी त्याच्या प्रतिकृती करणारा कारखाना. सैन्य एका प्रचंड शेडखाली खड्ड्यात उभं आहे, आपण वरून बघायचं. आबा कठड्याला बिलगले ते हलेनात.

"बाय, हे कोणी केलान गो?"

"कारागिरांनी, आबा. तुमच्यासारख्याच."

"राजाने मजुरी तरी दिलान काय त्यांना?"

"राजा होता तो. मजुरी कुठली!"

"मग काढ त्याच्यावर पत्रक."

मला हसू फुटलं. तेवढ्यात आमचे टूर मॅनेजर, ठाण्याचे सावंत, ओरडले, "चला, आवरतं घ्या, कारखान्यात शॉपिंगला जास्त वेळ ठेवलाय!" माझं डोकं फिरलं. "तुमच्या कमिशनसाठी समुद्र ओलांडून आलो काय आम्ही?" दहा मिनिटं तावातावाने भांडले. चारचौघं माझ्या बाजूने बोलायला लागले, मला आणखी चेव आला. वळून बघते तर कठड्यापाशी आबा नाहीत.

अडीच तास... अंगारकीला गणपतीपुळ्यात असते त्याच्या दसपट गर्दी. मोबाईलवर आबांचा फोटो दाखवत धावत होते, लोक माना हलवत होते. हॉटेलचं कार्ड, त्यांच्या गोळ्या, सगळं माझ्याच पर्समध्ये! बाकांखाली वाकून बघितलं. पुरुषांच्या संडासात शिरले. घसा बसला. एका रखवालदाराचा हात धरून चक्क मराठीत म्हणाले, "दादा, माझा बाप हरवलाय हो." त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने आबांचा फोटो आणि सावंतांचा नंबर घेतला आणि धावत गेला.

चारच्या सुमाराला सावंतांना कारखान्यातून फोन; आमच्या टूरचा नंबर त्यांच्याकडे होताच. आबा तिथं होते. दुसऱ्याच कुठल्या गटामागून त्यांच्या बसमध्ये चढले होते. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं.

गाडीने वीस मिनिटं लागली. आत शिरले तर आबा पाठमोरे बसलेले, समोर ओल्या मातीचा शिपाई. चिनी कारागीर काम सोडून बघत होते. आबांच्या हातात कोरणी होती आणि हात कापत नव्हता. शिपायाचा एक डोळा झाला होता, दुसरा चालला होता.

आमच्या शाळेत डोळे करताना कारागिराला मागून हाक मारत नाहीत. जन्मभर मी या नियमाची टिंगल केली. पण त्या क्षणी नियमही आठवला नाही आणि टिंगलही. मी नुसती किंचाळले, "आबाऽऽ!"

कोरणी थांबली. ते वळले, माझ्याकडे बघितलं... आणि पाहुण्यांना जागा करून देतात तसे बाजूला सरकले.

"या, बसा."

मी त्यांना मिठी मारून रडत असतानाच सावंतांचा फोन पुन्हा वाजला. सैन्याच्या शेडमधला तोच रखवालदार, मोडक्या इंग्रजीत सांगत होता. तुमचा माणूस सापडला, कठड्याला धरून उभा आहे, घेऊन जा. सावंत हसले, "अहो, ते इथे आहेत!" मग त्याने आत्ता काढलेला फोटो पाठवला.

निळ्या चौकडीचा शर्ट, आबांच्या अंगावर होता तसाच. पांढरी टोपी. उजव्या अंगठ्याला हिरवी चिंधी – सकाळी हॉटेलात दरवाज्यात अंगठा सापडला, तेव्हा माझ्या ओढणीची फाडून मीच बांधली होती. मी शेजारच्या आबांचा हात उलटासुलटा करून बघितला. माती पुसली. चिंधी नव्हती. जखमही नव्हती.

"दुसरा कोणी इंडियन असेल मॅडम. बस सुटतेय."

मी बसमध्ये चढले. हो, चढले! बाप माझा हात धरून होता, मी काय करायला हवं होतं?

यंदा शाळेतल्या सगळ्या गणपतींचे डोळे आबांनी स्वतः आखले. एक रेष हलली नाही. गिऱ्हाइकं खूश. डॉक्टर म्हणतात, हातांची आठवण वेगळी असते, कधी कधी परत येते. मला मात्र ते अहोजाहो करतात. चहा दिला की "उपकार झाले" म्हणतात. एकदा धीर करून विचारलं, मी कोण?

"तुम्ही बऱ्या बाई आहात. पण माझी लेक अजून आलेली नाय."

आत्तेला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "डोळे करताना अर्धा जीव मूर्तीत असतो गो. हाक मारलीस कशाला? वाट आता पत्रकं!" मी तिच्याशी कडाकडा भांडले. मग मागच्या पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

मिळताजुळता माणूस, थकवा, धक्का... ही सगळी उत्तरं मी स्वतःच लिहून काढली आहेत. चिंधीपाशी येऊन प्रत्येक उत्तर थांबतं. तो फोटो माझ्याकडे आहे, रोज मोठा करून बघते.

आबांना सोडून मला आता निघता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या सहलीला जाणार असेल तर, हात जोडते, पहिल्या मोठ्या शेडमध्ये डावीकडच्या कठड्यापाशी जाऊन या. कुणी नसेलच. पण आबा असले, तर मराठीत बोला. म्हणावं, बाय येतेय. बाकी काही समजावू नका त्यांना... मलाच समजलेलं नाही.