परदेशी सत्र, मुक्काम देऊळघाट

मला शिकायला स्पेनला जायचं होतं, म्हणून मी देऊळघाटला गेले. देऊळघाट बुलढाण्याहून हाकेच्या अंतरावर आहे असं सांगतात. हाक जरा मोठी मारावी लागते, एवढंच.

महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. मी पुण्यात कॉलेजात होते आणि स्पॅनिश शिकत होते. कारण काहीही उदात्त नाही, जर्मनचा वर्ग भरला होता. अशात सरांनी एक परिपत्रक आणलं. स्पेनमधली एक संस्था आपल्याकडच्या एका, फक्त एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी तिकडे नेणार होती. मुंबईत तोंडी परीक्षा. अट अशी, की त्याआधी तीन महिने स्पॅनिश माणसाच्या घरात राहिलेलं असावं. "म्हणजे स्पेनला जायचं तर आधी स्पेनला जाऊन यावं लागेल," सर म्हणाले. पण ते चिकट होते. पंधरा दिवस पत्रं लिहून त्यांनी रेल्वे आणि एसटीच्या टप्प्यातली एक स्पॅनिश बाई हुडकून काढली. नाव मर्सेदेस, पेशाने नर्स. एका मिशनच्या दवाखान्याबरोबर तीस वर्षांपूर्वी देऊळघाटला आलेली. मिशन गेलं, बाई राहिली.

"स्पेनला पाठवलं असतं गं," आई म्हणाली, "पण वऱ्हाडात एकटी?"

मला ती जागा हवी होती. इतकी, की वर्गातल्या बाकीच्या चार जणांना ताप यावा अशी मी पर्वतीच्या पायऱ्या चढताना मनापासून प्रार्थना करायची.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर निघाले. पुण्याहून एसटीने औरंगाबाद, तिथे आत्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी जालन्यावरून चिखली. हल्ली थेट गाड्या आहेत, तेव्हा तुम्ही माझ्यासारखे हाल करून घेऊ नका. मात्र खिडकीशेजारची जागा आणि डोक्याला बांधायला रुमाल तेव्हाही लागायचा, आताही लागेल. चिखलीच्या स्टँडवर कापसाच्या गाठींच्या आडोशाला बसून मी भजी खाल्ली. सोबतची मिरची फक्त शोभेची असावी असा माझा समज होता. तो तिथेच संपला.

"कोठं जाऊन राह्यल्या बाई?" पुढच्या गाडीच्या कंडक्टरने माझ्या डोळ्यांतलं पाणी बघत विचारलं.

"देऊळघाट. मर्सेदेसबाईंकडे."

"मर्सीबाई? लय भारी सुई टोचते. समजतच नाही."

सगळ्या वाटभर मी नमस्काराचं एक लांबलचक स्पॅनिश वाक्य घोकत होते. दार उघडलं. नऊवारी नव्हे पण साडी नेसलेली, उन्हाने तांबूस झालेली, पांढऱ्या केसांची बाई समोर उभी. मी वाक्य म्हटलं, सगळ्या व्याकरणासकट. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काऊन वं पोरी, उन्हातानाची आली? आंधी पाय धू, मंग बोल."

इथे माझ्या परदेशी शिक्षणाला सुरुवात झाली.

पहिल्या आठवड्यात कळलं ते असं. मर्सीबाई तीस वर्षं वऱ्हाडीत जगत होती. रोग्यांना वऱ्हाडीत रागवायची, भाजीवालीशी वऱ्हाडीत घासाघीस करायची आणि बहुधा स्वप्नंही वऱ्हाडीतच बघायची. चमच्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे विचारलं तर ती चमच्याकडेच टक लावून बघत बसली. स्पॅनिश उरलं होतं दोन ठिकाणी. एक सकाळच्या प्रार्थनेत, दुसरं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. कोंबड्यांना मात्र ती अस्सल, खणखणीत स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायची.

"त्यांच्याशी मराठीत का नाही बोलत?" मी विचारलं.

"कोंबड्याईले मराठी कायले लागते?" ती म्हणाली.

मग काय, मी रोज पहाटे वही घेऊन खुराड्यापाशी. शेजारची शेवंताबाई, जिचा वांग्या-मिरच्यांचा मळा मागेच होता, ती कुंपणाशी येऊन पदर तोंडाला लावायची. "पुण्याची पोरगी कोंबड्याईजोळ शाळा शिकून राह्यली!" ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले रोगी माझ्याकडे बघून खुदकन हसायचे. न्युमोनियाचेसुद्धा.

तीन आठवड्यांनी माझ्या वहीत होतं: उतर, हो बाजूला, घाण करू नकोस, मेलीस का. एवढ्या भांडवलावर स्पेनची जागा मिळणं कठीण होतं. शेवटी मी बाईला नियम घातला, की घरात जो मराठी बोलेल त्याने विहिरीवरून पाणी आणायचं. तीन दिवस साठीच्या आसपासची ती बाई घागरीवर घागर आणत राहिली, तीही आनंदाने, विहिरीवर मराठीत गप्पा मारून. तिसऱ्या दिवशी शेवंताबाईने मला झाडलं. "म्हातारीले पाणी वाहाले लावतं? लाज नाही वाटत तुले?" वाटली. नियम मोडीत निघाला.

आणि मग, मी नाद सोडल्यावर, ते आपोआप घडलं. पौषातली दुपार होती. आम्ही दोघी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. त्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात. लसूण-मिरची वाटून केलेली सोल्यांची भाजी आणि ज्वारीची गरम भाकरी मिळाली तर बाकी कुठलंही पर्यटनस्थळ रद्द करा. सोलता सोलता मर्सीबाई म्हणाली, की तिची आईही अशाच शेंगा सोलायची, वाटाण्याच्या. पुढचं वाक्य स्पॅनिशमध्ये आलं. त्याच्या पुढचंही. ती अडखळली, शब्द शोधला, सापडल्यावर लहान मुलीसारखी हसली. बकऱ्या, डोंगरावरचं घर, शाळेत न जाता आलेली दोन वर्षं, सगळं येत गेलं. मी जिवाचे कान करून ऐकत होते. पाटीतल्या शेंगा कधीच संपल्या होत्या.

"इतक्या वर्षांत हे कोणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"समजणारं माणूसच कोठं होतं वं?" ती म्हणाली आणि डोळे पुसले.

त्यानंतर रोज दुपारी शेंगा. शेवंताबाई मुद्दाम टोपली भरून पाठवायची, वर विचारायची, "आज कितवी इयत्ता?" माझ्या तोंडी मर्सीबाईची भाषा बसत गेली, तिच्या खेड्यातले हेल, तिच्या आईच्या म्हणी, सगळं. मला वाटलं, जागा आता आपलीच.

जानेवारी संपताना मला पोचवायला दोघी शेगावपर्यंत आल्या. बोथ्याच्या घाटातून खामगाव आणि पुढे शेगाव. घाटात खिडक्या लावून घ्या, जानेवारीत कान गळून पडतात. देवळात मर्सीबाईने गळ्यातल्या क्रॉससकट रांगेत उभं राहून प्रसाद घेतला, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवंताबाई मोठ्यांदा म्हणाली, "महाराजा, पोरीले पास कर, नाही तं आमच्या मर्सीबाईची इज्जत जाईन!" मग स्टेशनवर कचोरी खाल्ली आणि मी मुंबईच्या गाडीत बसले.

परीक्षेला समोर एकच गृहस्थ होते, स्पेनहून आलेले, हाताला अत्तराचा वास. पहिली दहा मिनिटं मी सुसाट बोलले. ते आधी थक्क झाले, मग हसायला लागले. ते हसू मला ओळखीचं होतं. पुण्यात कोणी वऱ्हाडी बोललं की आम्ही अगदी तसंच हसायचो.

"हे कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे स्वयंपाकिणी असं बोलतात. बकऱ्या राखणारे बोलतात."

ते कागदावर काहीतरी लिहू लागले आणि न बघताच म्हणाले, "बोलता तुम्ही सगळ्यांत सफाईने, यात शंका नाही. पण आमच्या वर्गात हे चालणार नाही. पाठवलं तर विसराल का हे?"

देऊळघाटचं अंगण डोळ्यांसमोर आलं, खोटं कशाला सांगू. म्हणावंसं वाटलं, की जिने शिकवलं तिच्याइतकी मोठी बाई तुमच्या वर्गात नसेल. वाक्य तयारही होतं.

"हो," मी म्हणाले. "विसरेन."

जागा मला मिळाली. पत्र आलं त्या दिवशी आईने आळीभर पेढे वाटले. मी मर्सीबाईला लिहिलं, की हे सगळं तुमच्यामुळे झालं. ते खरंच होतं, फक्त मधलं एक वाक्य गाळलं. शेवंताबाईने दवाखान्याच्या ओट्यावर रोग्यांना साखर वाटली, आणि मर्सीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती म्हणे, "माह्या बोलीवर पोरगी स्पेनले चालली!"

स्पेनचे सहा महिने छान गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, इतरांनी भरपूर लिहिलंय. शुद्ध बोलायला शिकले, शाबासकी मिळवली. पण झोपेत बोलते तेव्हा खेडवळ स्पॅनिश बोलते, असं खोलीतली मुलगी सांगायची. म्हणजे विसरणंही मला नीट जमलं नाही.

देऊळघाटला नंतर दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा सांगून टाकायचं ठरवून गेले आणि दोन्ही वेळा जेवून परत आले. आता सांगायला मर्सीबाई नाही. तुम्ही विचाराल, पुन्हा तशी वेळ आली तर काय म्हणशील? एकोणीस वर्षांच्या मला मी चांगली ओळखते. ती पुन्हा "विसरेन"च म्हणेल, आणि लाज मात्र मला वाटेल.